गुग्गुळ कमी कशानं झाला?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत गुग्गुळ दोन वाटांनी येतो. तिन्हीसांजेला धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर पडतो तो एक, आणि सांधे धरले की वैद्य देतात त्या योगराज गुग्गुळाच्या गोळ्यांत असतो तो दुसरा. बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीतही तो असतोच. शहरातल्या लष्कर भागात कुठल्याही पंसाऱ्याकडे मागितला की पुडी बांधून मिळते, त्यामुळे हा जिन्नस कमी होत चालला आहे हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण ज्या झुडपाचा हा डिंक, ते आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ‘अति संकटग्रस्त’ म्हणून नोंदलं गेलं आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे रानातून नाहीसं होणं. आणि हे झुडूप कुठे लांब वाळवंटातच नव्हे, तर आपल्या शेजारी मुरैना-भिंडकडच्या चंबळच्या बीहडातही, म्हणजे नदीकाठच्या घळींच्या मुलखातही, उगवतं.

एखादी वनस्पती दुर्मीळ आहे असं कळलं की दोनच उपाय सुचतात: तोड थांबवा आणि रोपं लावा. दोन्ही चांगले आहेत. पण एक झाड ज्या कारणानं दुर्मीळ असतं त्याच कारणानं दुसरं असतं असं नाही, आणि कारण न ओळखता लावलेली हजार रोपंही वाया जाऊ शकतात. म्हणून आधी कारणाकडे जरा निवांतपणे बघायला हवं.

अमेरिकेतल्या अभ्यासक डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ साली यासाठी तीन साधे प्रश्न मांडले. ही वनस्पती किती मोठ्या प्रदेशात आढळते? तिला अनेक तऱ्हेच्या जागा चालतात, की एकाच तऱ्हेची माती, खडक, उतार लागतो? आणि जिथे आहे तिथे ती दाटीनं आहे की तुरळक? प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं धरली तर आठ जोड्या होतात. त्यातली एकच जोडी खऱ्या अर्थानं सर्वत्र सापडणाऱ्या झाडांची. उरलेल्या सातही जोड्या दुर्मीळपणाच्या, आणि सातांचा स्वभाव वेगवेगळा.

आपल्याकडची करधई घ्या. शिवपुरी-श्योपूरकडच्या डोंगरउतारांवर, कूनोच्या रानात करधईच करधई दिसते, म्हणून ती दुर्मीळ आहे हे कुणाला पटणार नाही. पण देशाच्या नकाशावर बघितलं तर ती मुख्यतः अरवली, चंबळ आणि बुंदेलखंडाच्या पट्ट्यातच अशी दाटते. बाहेरच्या माणसाला हे झाड ठाऊकही नसतं. तिच्या बहुतेक बिया पोकळ निघतात. मुठीभर बी पेरलं तरी रोप मिळेल याची खात्री नाही. ती टिकते ती बुंध्याला आणि मुळांना फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर. त्यामुळे करधई तोडली तरी लगेच मरत नाही, पण मुळासकट उपटून जमीन सपाट केली तर ती तिथे पुन्हा येणार नाही. वनखात्यानं रोपवाटिकेत कितीही बी टाकलं तरी फरक पडायचा नाही. इथे उपाय एकच: खोड आणि मूळ जमिनीत राहू देणं, आणि नवे धुमारे शेळ्यांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत चराई आवरणं.

टेटूचं अगदी उलट. काही जण त्याला सोनपाठा म्हणतात. भारतभर आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत तो आहे, ओलसर रानात आहे तसाच कोरड्या पानगळीच्या रानातही आहे. पण कुठेच दाटीनं नाही. एका ओढ्याकाठी एक, मग पुढच्या ओढ्यापर्यंत नाही. फुलं रात्री उमलतात, त्यांना उग्र वास असतो आणि परागीभवन वटवाघळं करतात. वटवाघूळ रात्रीत लांबवर उडतं, म्हणून झाडं दूरदूर असली तरी आजवर चालून गेलं. पण दशमुळांतलं हे एक मूळ, आणि मूळ हवं म्हणजे झाड खणून काढायचं. जिथे कोसभरात दोनच झाडं आहेत तिथे त्यातलं एक खणलं की दुसऱ्याला जोडीदार उरत नाही. तलवारीसारख्या लांब शेंगा धरणं बंद होतं. बाहेरून झाड हिरवंगार दिसतं, पण त्याचा वंश तिथेच थांबलेला असतो. तुरळक असणाऱ्या सगळ्या वनस्पतींची ही अडचण आहे. त्यांच्या बाबतीत अर्धी झाडं गेली म्हणजे नुकसान अर्ध्यावर थांबत नाही.

तिसरा नमुना महाराष्ट्रातला, शिंदळ माकुडीचा. शिवनेरीसह मोजक्या डोंगरकड्यांवर लोंबणारी ही मांसल वनस्पती, तपकिरी-लाल फुलांवर पिवळे ठिपके असलेली. प्रदेश छोटा, जागा एकाच तऱ्हेची, संख्या कमी, म्हणजे तिन्ही उत्तरं प्रतिकूल. आणि तरी कुंडीत ती फांदीवरून सहज लागते. अनेकांना याचं कोडं पडतं, पण यात कोडं नाही. तिच्या बियांना केसांचा झुबका असतो, वाऱ्यावर त्या कुठेही जातात. पण शंभरातली एखादीच बी अशा फटीत पडते जिथे थोडी माती आहे, पाणी साचत नाही आणि बकरीचं तोंड पोहोचत नाही. तशा फटीच मुळात थोड्या. ही वनस्पती माणसानं काही केलं नसतं तरीही दुर्मीळच असती. तिला रोपं लावण्याची गरज फारशी नाही, तिला तो कडा जसाच्या तसा हवा.

आता गुग्गुळ. तीन प्रश्न त्याला विचारले तर उत्तरं येतात ती अशी: प्रदेश बराच मोठा, बलुचिस्तान-सिंधपासून कच्छ, राजस्थान, चंबळ आणि खाली कर्नाटकापर्यंत. जागा मात्र चोखंदळ. संख्या बहुतेक ठिकाणी विरळ. एवढ्यावरून तो जपून वापरावा असं वाटेल, पण ‘अति संकटग्रस्त’ का व्हावा हे कळत नाही. कारण या तीन प्रश्नांत काळ मोजलेला नाही. घेण्याचा वेग किती आणि वाढण्याचा वेग किती, हा चौथा प्रश्न विचारल्याशिवाय गुग्गुळाचं उत्तर पुरं होत नाही.

झुडूप जवळून बघावं. उंची दोन ते चार मीटर, फांद्या वेड्यावाकड्या आणि टोकाला काटे. खोडावरून कागदासारखा पातळ पापुद्रा सुटत असतो आणि त्याखाली साल हिरवी असते. वर्षाचे कितीतरी महिने याला पानंच नसतात. पावसात पालवी येते, हिवाळा लागता लागता झडते, आणि मग ही हिरवी सालच थोडंफार अन्न तयार करते. म्हणजे हे झुडूप जगतं ते वर्षातल्या तीन-चार महिन्यांच्या कमाईवर. डिंक काढण्याजोगं व्हायला त्याला साधारण आठ-दहा वर्षं लागतात ती यामुळे.

चंबळच्या खोऱ्यात त्याची जागाही समजून घ्यायला हवी. मुळात तो कच्छ-मारवाडसारख्या कमी पावसाच्या मुलखातला. आपल्याकडे पाऊस त्याहून बराच जास्त. सपाट शेतात पाणी तुंबलं की त्याची मुळं कुजतात. मग तो बीहडात का टिकला? कारण घळीच्या उभ्या उतारावर पाणी थांबत नाही. कंकरमिश्रित माती, तीव्र उतार आणि कडक ऊन यांनी मिळून जास्त पावसाच्या प्रदेशात त्याला कोरड्या मुलखाचा एक तुकडा दिला. प्रदेशाच्या काठावर राहणाऱ्या वनस्पती अशाच एखाद्या विशिष्ट तुकड्याच्या आधारानं राहतात. ट्रॅक्टर आणि जेसीबीनं बीहड सपाट करून शेत काढलं की बघणाऱ्याला वाटतं, पडीक जमीन कामी आली. गुग्गुळाच्या दृष्टीनं मात्र तिथला उतारच गेला, आणि शेजारच्या बांधावर तो लावून जगवणं अवघड. राहिलेल्या घळींत विलायती बाभूळ पसरली आहे. बीहडांची धूप थांबावी म्हणून तिचं बी विमानातूनही टाकलं गेलं होतं. धूप किती थांबली हा वेगळा विषय, पण तिच्या दाट सावलीत ऊन मागणारं हे संथ झुडूप दबून जातं.

आता घेण्याच्या वेगाकडे. डिंक वाहणाऱ्या नळ्या सालीत असतात, आतल्या लाकडात नसतात. ही एक गोष्ट डिंक काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असती तर निम्मी झुडपं वाचली असती. जुनी पद्धत अशी: डिसेंबर ते मार्च या महिन्यांत जाड फांद्यांवर उथळ चीर द्यायची. पिवळसर, दुधट रस पाझरतो, हवेत घट्ट होतो, आणि दर दहा-पंधरा दिवसांनी खरवडून काढायचा. चिरेची खोली सालीइतकीच हवी. त्याहून खोल गेली की साल आणि लाकूड यांच्यामधला जिवंत थर कापला जातो. नवी साल त्याच थरातून तयार होते, म्हणून खोल जखम भरून येत नाही. तीतून रोग शिरतो आणि फांदी टोकाकडून वाळत येते. नीट काढलेल्या झुडपापासून एका हंगामात २०० ते ५०० ग्रॅम डिंक मिळतो. म्हणजे किलोभर गुग्गुळामागे दोन ते पाच झुडपं. ती पुढच्या वर्षी विश्रांतीला ठेवली तर त्यांच्यापासून पुन्हा मिळेल.

पण विश्रांती कोण देतो? झुडूप कुणाच्याच मालकीचं नसेल तर आज मी सोडलं ते उद्या दुसरा कापणार, हे डिंक गोळा करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो एकाच हंगामात जेवढं निघेल तेवढं काढतो. कुऱ्हाडीचे खोल घाव घालतात, घावात मोरचूद आणि जनावराचं मूत घालून केलेला लेप भरतात. रस भरभरून येतो आणि वर्षाच्या आत झुडूप वाळतं. त्या माणसाला दोष देऊन भागत नाही. त्याच्या हाती येणारी रक्कम थोडी असते आणि पुढच्या वर्षी तिथे काही उरेल याची हमी त्याला कुणी दिलेली नसते.

विज्ञानानं यात मदत करायचा प्रयत्न केला आणि त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात खोडात इथेफॉन देऊन बघितलं. हे रसायन झाडात गेलं की इथिलीन वायू सुटतो, आणि जखम झाल्यावर झाडाच्या शरीरात जो संदेश फिरतो तोच जास्त जोरानं फिरतो. ४०० मिलिग्रॅमच्या मात्रेनं डिंक २२ पटींपर्यंत वाढला. आकडा मोठा होता, पण तो योग्य मात्रेचा, योग्य वयाच्या झुडपाचा आणि उथळ चिरेचा आकडा होता. रानात गेलं ते रसायन, मात्रेचा हिशेब मागेच राहिला. लहान झुडपाला मोठ्याची मात्रा दिली की ते साठवलेलं सगळं ओतून टाकतं, आणि पावसात पालवी फोडायला त्याच्याकडे काही उरत नाही.

मागणीही याच काळात वाढली. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली सशांवरच्या प्रयोगांतून गुग्गुळाचा रक्तातल्या चरबीवर होणारा परिणाम दाखवला. पुढे लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेनं त्यावरून औषध तयार केलं आणि धुपाटण्यातला हा डिंक जगभरच्या बाजारात गेला. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर केलेल्या चाचणीत मात्र वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं नाही, उलट थोडं वाढलं. एका चाचणीनं शेकडो वर्षांचा वापर खोटा ठरत नाही, हे मान्य. पण ज्या कारणासाठी इतकी झुडपं गेली ते कारणही पुरतं सिद्ध नव्हतं, याचं वाईट वाटतं.

एवढं होऊनही बी भरपूर रुजत असतं तर रान सावरलं असतं. इथे गुग्गुळाची सगळ्यात विलक्षण गोष्ट समोर येते. याची नर आणि मादी झुडपं वेगळी असतात, आणि रानात बघाल तर जवळजवळ सगळ्या माद्या, नर क्वचित. मग फळं धरतात कशी? दिल्ली विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात याचा छडा लावला: परागकण न येताच बी तयार होतं. बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून गर्भ बनतो, कधी एका बीत एकाहून जास्त. म्हणून एका बीतून दोन रोपंही उगवलेली दिसतात. नर नसताना वंश चालू ठेवण्याची ही सोय मोलाची आहे. पण अशी प्रत्येक मुलगी हुबेहूब आईच असते. एखाद्या रोगापुढे आई टिकली नाही तर त्या घळीतल्या सगळ्याच पडतात.

बियांचा दुसरा पेच रंगात दिसतो. पिकलेलं लाल फळ फोडलं की आतली बी काळी तरी निघते किंवा पिवळट-पांढरी. काळीत जीव असतो, पांढरी पोकळ. दोन्ही एकत्र पेरून “गुग्गुळ उगवतच नाही” म्हणणारे बरेच भेटतात. काळ्या बियांवरही दगडासारखं कवच असतं, त्यामुळे त्याही हळूहळू आणि थोड्याच उगवतात. रानात उगवलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात वाळलं नाही तर शेळ्यांच्या खुरांखाली जातं.

म्हणून लागवड फांद्यांवरून करतात, आणि ती नीट केली तर लागते. मे संपताना किंवा जूनच्या सुरुवातीला, पालवी फुटायच्या आधी, पक्क्या फांदीचे २० ते २५ सेंटीमीटरचे तुकडे घ्यावेत, जाडी एक ते दीड सेंटीमीटर. कोवळं टोक घेऊ नये, ते सुकतं. खालचा काप तिरका, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटं होत नाही. हा गोंधळ पानं नसलेल्या काडीत फार होतो. कापलेल्या टोकातून डिंक येतो, तो सुकेपर्यंत काड्या दोन-तीन दिवस सावलीत ठेवाव्यात. ओल्या जखमेसह मातीत गेलेली काडी बहुधा कुजते. वाफा रेताड हवा, आणि आसपासच्या जमिनीपेक्षा उंच. काडीचा दोन तृतीयांश भाग जमिनीत आणि पाणी बेतानं. ग्वाल्हेरच्या काळपट शेतमातीत, जशीच्या तशी, ही काडी लावू नये. निम्मी वाळू तरी मिसळावी. वाळवीचा त्रास असेल तर थोडी निंबोळी पेंड.

पंधरवड्यात हिरवे डोळे फुटतात आणि इथेच घात होतो. ती पानं काडीतल्या साठवणीवर आलेली असतात, खाली अजून मूळ नसतं. पान दिसलं म्हणून लगेच उपटून दुसरीकडे लावलं की आठवड्यात सगळं गळून पडतं. काडी वाफ्यातच एक उन्हाळा काढून, पुढच्या पावसाळ्यात जागी न्यावी. खड्डा दीड फुटाचा, दोन झुडपांत अडीच मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी १६०० झुडपं. जमीन उताराची असेल तर उत्तम. सपाट असेल तर वरंब्यावर लावावं. पहिलं वर्षभर गवत काढत राहावं आणि जनावरांपासून कुंपण करावं. त्यानंतर आठ वर्षं तरी चाकू लावू नये. एवढी वाट बघायला शेतकऱ्याला दुसरं उत्पन्न लागतं, म्हणून कडेला किंवा पडीक उतारावर लावणं शहाणपणाचं. मुख्य पिकाच्या जागी ते परवडणार नाही.

विकत घेणाऱ्याच्या हातातही थोडं आहे. बाजारातल्या गुग्गुळात सालईचा आणि इतर डिंकांचा भेसळ-मेळ पुष्कळ असतो. आयुर्वेदात सांगितलेली कसोटी घरी करता येते: अस्सल गुग्गुळ उन्हात मऊ होतो, निखाऱ्यावर पेटून सुवास देतो, आणि गरम पाण्यात घोटला की पाणी दुधासारखं होतं. पण खरेपणा तपासून झाला तरी तो कशासाठी वापरायचा हा प्रश्न राहतोच. माझं मत स्पष्ट आहे. औषधात, वैद्याच्या सल्ल्यानं, जरूर घ्यावा. रोजच्या धुपासाठी राळ पुरेशी असताना दहा वर्षांच्या झुडपाचा रस निखाऱ्यावर जाळू नये.

लागवड करणाऱ्यांना आणखी एक सांगायचं राहिलं. सगळ्या काड्या एकाच जोमदार झुडपाच्या घेण्याचा मोह होतो, कारण त्या हमखास लागतात. त्यातून हेक्टरभर एकच झुडूप पसरलं जातं, आणि तेही बहुतेक मादीच. काड्या वेगवेगळ्या घळींतल्या, दूरदूरच्या झुडपांवरून, प्रत्येकावरून थोड्याच घ्याव्यात. बाजूला काळ्या बियांचा एक छोटा वाफाही ठेवावा. झुडपं फुलावर आली की भिंग घेऊन बघावं: ज्या फुलांत पिवळे, परागांनी भरलेले पुंकेसर दिसतील ते झुडूप नर. सापडला तर फांदीला पक्क्या रंगाची खूण करावी, येत्या जूनमध्ये त्याच्याच काड्या वेगळ्या वाफ्यात लावाव्यात आणि वाफ्यावर पाटी ठेवावी. फुलं गळल्यावर नर आणि मादी वेगळी ओळखू येत नाहीत.